सोळा सीलं आणि एक रेघ

माझ्या सगळ्या नोकरीत मी सोन्याचं एकही बिस्किट पकडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, उगाच वाचणाऱ्याची फसगत नको. कस्टम्स म्हटलं की लोकांना विमानतळ, चोरकप्प्याच्या बॅगा आणि काळे चष्मे दिसायला लागतात. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर मोठ्या आशेनं विचारलं, "मॅडम, थरारक काही असेलच ना?" म्हटलं, आहे की! डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका म्हाताऱ्या कारकुनानं रजिस्टरमधली एक ओळ खोडली, आणि माझे हातपाय गार पडले. संपादक जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, लिहा तुम्ही."

तर लिहिते.

कस्टम्स आणि एक्साइज ही त्या काळी एकाच घरातली भावंडं. मी एक्साइजची इन्स्पेक्टर. ऑफिस कल्याणला, कारखाने ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत पसरलेले, आणि मधलं अंतर कापायला माझी लुना. परदेशात माल पाठवणाऱ्या कारखान्यात जायचं, कंटेनरमध्ये पेट्या चढताना समोर उभं राहायचं, प्रत्येक पेटीवरची खूण कागदाशी ताडून बघायची, दार बंद झालं की त्यावर सील ठोकायचं. सील म्हणजे बोटाएवढी लोखंडी कांडी. तिच्यावर नंबर असतो. एकदा खटकन बसली की कापल्याशिवाय निघत नाही. ते सील बघून बंदरात कंटेनर न उघडताच बोटीवर चढवायचे. म्हणजे आत काय आहे याची जबाबदारी कुणाची? माझी.

आमचं घर ठाण्याच्या कोपरीतलं, कोळ्यांचं. आई बाजारात मासे विकायची. पोरगी सरकारी इन्स्पेक्टर झाली याचा तिला कोण अभिमान, पण मी नेमकं करते काय हे एकदा समजावून सांगितलं, तर तिनं टोपली खाली ठेवली. "कंपनीवाल्यानी पेट्या मोजल्यान ना? मंग तू परत कनाला मोजतंस?"

 पुढे आमच्या साहेबांनी नेमका हाच प्रश्न सरकारी भाषेत विचारला, तेव्हा मला आईच आठवली.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. परदेशी ऑर्डरी वाढलेल्या, आणि इन्स्पेक्टर तेवढेच. शनिवारी तर अशी तारांबळ उडायची की विचारू नका. एका कारखान्यात पेट्या मोजतेय, दुसऱ्याचा माणूस दारात उभा, तिसऱ्याचा ड्रायव्हर कंटेनरखाली चादर अंथरून झोपलेला. एकदा वागळे इस्टेटमधल्या एका मालकानं मला अक्षरशः हात जोडले, "मॅडम, बोट निघून जाईल हो." मी पोचेपर्यंत बोट गेलीच. त्या माणसानं उलट मलाच पाणी दिलं. त्याचं वाईट अजून वाटतं. त्याच्यात लबाडीचा अंशही नव्हता. तो फक्त माझी वाट बघत होता.

आमचे असिस्टंट कमिशनर अय्यरसाहेब. जन्म डोंबिवलीचा, मराठी माझ्याहून शुद्ध. ते बाहेरदेशी कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं. "नाखवा, तिकडे भरवशाच्या व्यापाऱ्यांना मोकळं सोडतात. ते स्वतः माल भरतात, स्वतः सील लावतात. खातं अधूनमधून अचानक जाऊन बघतं. आपण का नाही करायचं?"

"सर, इकडे?" मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना बरोबर कळलं.

"इकडेच. पाच कारखाने निवडा. सहा महिने करून बघू. नियम तुम्ही लिहा, निवड तुम्ही करा. वर मी बोललोय. पण पहिल्या सहा महिन्यांत एक जरी भानगड झाली ना, तर पुढची वीस वर्षं हे नाव कुणी काढणार नाही."

मी नियम लिहिले. कारखान्याला नंबर घातलेल्या पंचवीस सीलांचं पाकीट मिळेल. रोज संध्याकाळी सीलं मोजून रजिस्टरला नोंद. आणि माझा लाडका नियम तीन: एक जरी सील हिशेबाबाहेर गेलं, तर कारखाना यादीतून बाद, कुठलीही सबब चालणार नाही. कारण साधं होतं. ते सील कुणा भलत्याच्या हाती पडलं, तर तो कंटेनरमध्ये काहीही भरून बंदरातून सरळ पार. साहेब म्हणाले, "फार कडक होत नाही ना?" मी म्हटलं, "सर, कडकच हवं." वय लहान, तोरा मोठा, दुसरं काय!

आता निवड. बातमी फुटली आणि माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग पडला. मोठमोठ्या कंपन्या, गुळगुळीत फायली, रंगीत फोटो. ठाण्याच्या एका बड्या कारखान्याचं रजिस्टर तर लग्नपत्रिकेसारखं सुबक होतं. वर्षभरात एक खाडाखोड नाही. एकच शाई, एकच हात, जणू एका बैठकीत लिहून काढलेलं. आणि तसंच ते होतं, दुसरं काय असणार! रोज लिहिलेल्या रजिस्टरात चुका होतातच. आमच्या खात्यात चूक झाली तर गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, शेजारी सही करायची आणि बरोबर मजकूर पुढे लिहायचा. म्हणून मी खोडलेल्या ओळी शोधत बसले. त्या बड्या कारखान्याचा मॅनेजर चिडून म्हणाला, "आमच्यात कमी काय आहे ते तरी सांगा!"

"चुका कमी आहेत," मी म्हटलं. 

ही अक्कल माझी नव्हे, आईची. धक्क्यावर माल घेताना ती एकाच माणसाकडून डोळे मिटून घ्यायची. का, तर तो स्वतःहून सांगायचा, ही पाटी कालची आहे. "जो सांगतंय ना कालची हाय म्हनून," आई म्हणायची, "त्याचीच आजची ताजी मानायची."

सगळ्यात जास्त खाडाखोड सापडली ती साठ्यांच्या कारखान्यात. डोंबिवलीतला छोटासा कारखाना, पाइपांचे व्हॉल्व्ह बनवायचा. साठे स्वतः इंजिनियर, नोकरी सोडून धंद्यात उतरलेले. डिस्पॅच बघायला पाध्ये म्हणून एक गृहस्थ होते. साठीला टेकलेले, खिशात दोन पेनं, चष्म्याला दोरी. त्यांच्या रजिस्टरात पानोपानी रेघा. 'पेट्या ४२' खोडून '४१', शेजारी सही, आणि पुढे कारण: 'एक पेटी मोजताना दोनदा मोजली.' अरे, कोण लिहितं हो असं? मी विचारलं, तर म्हणाले, "झालं ते लिहिलं, बाई." सगळे मला मॅडम म्हणायचे, हे एकटे बाई.

साठ्यांचा कारखाना यादीत पहिला घातला. ड्रायव्हर लोकांनी या प्रकाराला लगेच नाव दिलं, भरोसा यादी. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मी अचानक जायचे, कंटेनर उघडायचे, पेट्या मोजायचे, सगळं चोख. वरच्या ऑफिसातले लोक अय्यरसाहेबांना विचारायला लागले, काय जादू आहे म्हणून. माझ्याही अंगावर जरा मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एक दिवस दुपारी साडेतीनला फोन.

"बाई, पाध्ये. सीलं आत गेली."

"कुठे आत?"

"कंटेनरात. कंटेनर बंद. कंटेनर गेला."

झालं होतं असं, की पाध्यांची एक सवय होती. सगळा माल चढला की ते स्वतः आत जायचे आणि दोऱ्या घट्ट आहेत का ते हातानं ओढून बघायचे. त्या दिवशी दारावर लावायचं एक सील त्यांनी वेगळं काढून कागदांना अडकवलं, उरलेल्या सोळांचं पाकीट हात मोकळे हवेत म्हणून दाराजवळच्या पेटीवर ठेवलं, दोऱ्या ओढल्या, आणि बाहेर आले. दार बंद झालं. सील खटकन बसलं. गाडी बंदराकडे गेली. त्यांच्या लक्षात आलं ते सीलं मोजून नोंद करायला बसल्यावर.

माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं? नियम तीन. मग अय्यरसाहेब. मग वरचे लोक, ज्यांच्यातल्या काहींना हे सगळं बुडालेलंच हवं होतं. ती साठ्यांची पहिलीच मोठी ऑर्डर होती, जर्मनीची. कंटेनर परत बोलावला तर बोट चुकणार. एवढी धावपळ करून ऑर्डर मिळवलेली, गिऱ्हाईकच हातचं गेलं असतं. आणि तिकडे पेटीवर पडलेलं ते पाकीट उद्या समुद्रावर असणार, महिन्यानं जर्मनीत कुणीतरी ते कचऱ्यात टाकणार. कुणाचं काय बिघडणार होतं?

आता जे लिहितेय ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी पाध्यांना म्हटलं, "काका, ऐका माझं. रजिस्टरला लिहा, सोळा सीलं पाणी लागून खराब झाली, कापून नष्ट केली. उद्या येऊन मी खाली सही करते. नवीन पाकीट देते. विषय संपला."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. मग, "बरं बाई." फोन ठेवला.

मी चहा मागवला. चहा आला, निवला, साय धरली. मला वाटलं होतं हायसं वाटेल. कसलं हायसं!

पाचच्या सुमाराला पाध्ये कल्याणच्या ऑफिसच्या जिन्यात. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर, धापा टाकतायत. मागोमाग साठे, स्कूटरचं हेल्मेट हातात, चेहरा लालबुंद. "मॅडम, तुम्ही तरी समजवा यांना! चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. या ऑर्डरवर सगळं आहे. मी म्हटलं, पाध्ये, उद्या बघू, तर हे सरळ रिक्षात बसले!"

पाध्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो, उलट ओशाळून, जणू चूक त्यांचीच. हळूच म्हणाले, "बाई, मला नाही जमलं." आणि मोठ्यानं, "साहेबांना भेटायचंय."

केबिनमध्ये आम्ही चौघं. पाध्यांनी झालं ते सांगितलं आणि रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. मी उभी होते तिथून मला पान सरळ दिसत होतं. पहिली ओळ: 'सोळा सीले पाणी लागून खराब, कापून नष्ट केली.' तिच्यावर एक रेघ. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी सही. त्याखाली: 'वरील मजकूर खोटा आहे. सोळा सीले माझ्या हातून कंटेनरमध्ये राहिली. कंटेनर थांबवावा ही विनंती.'

माझं नाव कुठेच नव्हतं. 'बाईंनी सांगितल्यावरून' असे दोनच शब्द त्यांना लिहिता आले असते. खरे होते ते. झालं ते सगळं लिहिणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही गाळलं असेल, तर ते माझ्यासाठी.

अय्यरसाहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या. खोडलेल्या ओळीवर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. पाध्ये वर पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता साहेब विचारणार, पण त्यांनी काही विचारलं नाही. पान उलटून कंटेनरचा नंबर शोधायला लागले, एक हात फोनकडे गेला. म्हणजे सुटले मी. गप्प राहायचं एवढंच करायचं होतं.

"सर," मी म्हटलं, "ती वरची ओळ माझी आहे."

"अक्षर यांचं आहे," साहेब म्हणाले.

"अक्षर यांचं. ओळ माझी. मी फोनवर सांगितली."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "आधी कंटेनर थांबवू. मग तुम्ही जे आत्ता बोललात ते कागदावर लिहून द्या. एक पान पुरे." त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

कंटेनर बंदरातच सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. चारचौघांसमोर सील कापलं, दार उघडलं, आणि ते पाकीट पेटीवर जसंच्या तसं बसलेलं, जर्मनीचं तिकीट काढून निघाल्यासारखं! साठ्यांना त्याही परिस्थितीत हसू फुटलं. पाध्यांनी सीलं मोजली, मी मोजली, तिथल्या अधिकाऱ्यानं मोजली. सोळाच्या सोळा. पण तोवर बोट गेली होती.

साठ्यांनी गिऱ्हाइकाला जसं घडलं तसं कळवलं. दुसरं काही सुचलंच नाही, असं मला नंतर म्हणाले. पुढच्या बोटीनं पाठवा, असं उत्तर आलं, बास. एवढ्या एका ओळीच्या उत्तरावर कारखान्यात पेढे वाटले. मात्र नियम तीन माझाच होता आणि त्यात सबब चालत नव्हती. साठ्यांचा कारखाना यादीतून बाद झाला. त्या पत्रावर सही मला करावी लागली.  नियमाप्रमाणे सगळ्यात आधी बाद व्हायला हवी होते ती मी.

माझं एक पान साहेबांच्या टेबलावर आठ दिवस पडून होतं. त्या आठ दिवसांत मी आईनं ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठायचे. बदली होणार, प्रमोशन जाणार, हे धरूनच चालले होते. त्याहून जास्त हे टोचत होतं, की एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं काम आपल्या एका फोननं बुडवलं.

नवव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "नाखवा, तुमचा नियम तीन चुकलाय. तो असाच ठेवला तर उद्या चूक झालेला प्रत्येक माणूस ती लपवेल. तुम्ही स्वतः लपवायला निघाला होतात, आणि नियम तर तुम्हीच लिहिलेला. बसा, इथेच परत लिहा."

मी तिथेच बसून लिहिलं: कुणी विचारण्याआधी स्वतःहून चूक कळवली आणि ती निस्तरायला मदत केली, तर त्या कारणास्तव यादीतून काढू नये. साहेबांनी एक शब्द बदलला, सही केली. मग ड्रॉवरमधून माझं ते पान काढलं. मला वाटलं, आता साठ्यांच्या फाइलवर काम सुरू होईल. पण साहेबांनी माझ्याच पानाच्या कडेला लिहिलं: 'सुधारित नियम तीन लागू. समज दिली. या कामावर कायम.' आणि पान माझ्याकडे सरकवलं.

म्हणजे तो नियम पहिल्यांदा लागू झाला तो मला. साठ्यांची फाइल त्यानंतरची.

आज अशा व्यापाऱ्यांना रीतसर सर्टिफिकेटं मिळतात, कॉम्प्युटरवर लांबलचक फॉर्म भरावे लागतात. चांगलंच आहे. त्यात आमच्या त्या भरोसा यादीचा वाटा किती, मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. मला एवढंच माहीत आहे की माझी उरलेली नोकरी मी ताठ मानेनं केली, आणि ती मान मला त्या दोन माणसांनी परत दिली. एकानं ओळ खोडली. दुसऱ्यानं प्रश्न न विचारता मला बोलायला जागा ठेवली.

साठ्यांचं नाव यादीत परत घातलं त्या दिवशी नवीन पाकीट घेऊन मी स्वतः लुनावरून डोंबिवलीला गेले. पाध्यांना म्हटलं, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले," ते म्हणाले, "तुमच्या सांगण्यावरून ती ओळ लिहिली होती की मी. लिहून झाल्यावर वाचली, तर माझंच अक्षर मला ओळखू येईना. म्हटलं, हे काय खरं नाही." आणि रजिस्टर पुढे केलं. "बाई, पंचवीस मोजा आणि सही करा."

मी मोजली, सही केली, तारीख घातली. डोळे भरून आले होते, धड दिसत नव्हतं. पाध्यांनी चष्मा नाकावर ढकलून बघितलं.

"तारीख कालची घातलीत."

मी पेन परत घेतलं. एक रेघ मारली, शेजारी सही केली, पुढे बरोबर तारीख लिहिली.

"हां," पाध्ये म्हणाले, "आता कसं!"